हंसण्यावारीं नेलेला संसार

एखाद्याचा संसार मोडला असें आपण म्हणतों, तेव्हां तो मोडल्याचा दिवस बहुधा सांगतां येतो. अमुक दिवशीं ती माहेरीं निघून गेली, अमुक तारखेस न्यायालयाचा निकाल झाला, अमुक वेळीं तिसऱ्या माणसाचें नांव घरांत प्रथम उच्चारलें गेलें. परंतु घराचें आढें ज्या दिवशीं खालीं येतें, त्याच दिवशीं त्यास वाळवी लागलेली नसते. वाळवी केव्हां लागली, हें घरांतील कोणासही सांगतां येत नाहीं. ह्या प्रश्नाचा विचार करावयास आम्हांस दूरचित्रवाणीवरील एका हंसऱ्याखेळत्या मालिकेनें लाविलें, हें ऐकून आमच्या कांहीं प्रौढ वाचकांस हंसूं येईल. त्यांनीं अवश्य हंसावें. कारण हा लेखच मुळीं हंसण्याविषयीं आहे.

झी मराठी वाहिनीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २२ ऑगस्ट २०१६ रोजीं सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्यें संपली. साडेचार वर्षें ती चालली. श्रीवर्धनास आमच्या एकत्र कुटुंबांत रात्रीं आठच्या सुमारास वहिनी, आमची सौ., सुना आणि नातवंडें माजघरांत जमत. आम्ही ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसत असूं. ‘असलीं सोंगें आम्ही पाहत नाहीं’, असें आम्ही सर्वांस सांगून ठेविलें होतें. पण कान आंत असत, आणि थोड्याच दिवसांत खुर्चीही दाराशीं आली.

कथानक ठाऊक नसलेल्यांसाठीं थोडक्यांत सांगतों. गुरुनाथ सुभेदार मुंबईंत मोठ्या पगारावर नोकरी करणारा गृहस्थ. त्याची बायको राधिका नागपूरकडील, बोलणें वऱ्हाडी वळणाचें, वागणें मोकळें, पै-पैचा हिशेब ठेवणारी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस खाऊं घालणारी. अथर्व नांवाचा लहान मुलगा. कचेरींतल्या शनाया नांवाच्या तरुण मुलीच्या नादीं गुरुनाथ लागतो. घरीं तो गुरुनाथ आणि तिच्यापाशीं ‘गॅरी’ असतो. राधिकेस हें कळतें; संसार टिकविण्याचा ती पुष्कळ खटाटोप करते; सासूसासरे मुलाची बाजू न घेतां सुनेच्या मागें उभे राहतात. शेवटीं ती घटस्फोट घेते, मसाल्यांचा धंदा काढून तो भरभराटीस आणते आणि पुढें सौमित्र नांवाच्या भल्या गृहस्थाशीं विवाह करते. मध्यंतरीं शनायेचें काम करणाऱ्या नटी बदलल्या, कथानक अनेकदां ताणलें गेलें, हेंही खरें. परंतु एक संसार प्रथम विनोदांत रमलेला, मग कुरकुरणारा, मग उघड भांडणारा आणि अखेर दुभंगलेला, असा टप्प्याटप्प्यानें पाहावयाचा योग त्या लांबणीमुळेंच आला. नाटकास तीन तासांत जें उरकावें लागतें, तें येथें घरांतल्या वेळेप्रमाणें सावकाश घडलें.

आमच्या माजघरांत ह्यावर रोज खल होई. वहिनींचा कौल असा कीं, सारा दोष त्या पोरीचा. धाकटी सून म्हणे, दोष नवऱ्याचा. पोरीनें कांहीं त्याचा हात धरून नेला नव्हता. आम्हांस मात्र हळूहळू असें वाटूं लागलें कीं, शनाया ही त्या घरांत आलेली दुसरी गोष्ट होती. पहिली गोष्ट म्हणजे बायकोची वाटणारी लाज. राधिका चारचौघांत तोंड उघडील आणि आपली शोभा होईल, ही धास्ती गुरुनाथास सतत असे. तिच्या बोलण्याची, तिच्या साडीची, तिच्या काटकसरीची त्यास लाज वाटे. ती लाज तो चेष्टेंत लपवी. आणि येथें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे कीं, प्रारंभीं आम्ही प्रेक्षकही गुरुनाथाबरोबरच हंसत होतों. तिचे वऱ्हाडी हेल ऐकून आमच्या घरीं मुलें लोळत असत. पुढें जेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी आलें, तेव्हां आम्हीं झटकन् तिचा पक्ष घेतला आणि आपण आधीं कोणत्या बाजूस होतों, हें सोयीस्करपणें विसरलों.

ह्या मालिकेंत आम्हांस सर्वांत खरी वाटलेली गोष्ट ही कीं, राधिका धंद्यांत वर आल्यावरही तिची भाषा बदलली नाहीं. ज्या बोलण्यापायीं ती नवऱ्यास नकोशी झाली, त्याच बोलण्यानें तिनें माणसें जोडलीं. ज्या फोडणीच्या वासास गुरुनाथ नाक मुरडी, त्याच वासावर तिचा कारखाना उभा राहिला. म्हणजे दोष राधिकेंत नव्हता. तिच्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टींत होता.

मराठी रंगभूमीनें मोडणारे संसार पूर्वींही दाखविले आहेत. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ सालीं, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आला. त्यांतील सिंधू नवऱ्याच्या व्यसनापायीं सर्वस्व गमावते आणि सोसतां सोसतांच मरते. पुढें पंधरा वर्षांनीं, १९३४ सालीं, अत्र्यांच्या ‘घराबाहेर’ मधील निर्मलेनें घराचा उंबरठा ओलांडला. त्यानंतर ऐंशीं वर्षांनीं आलेली राधिका मरतही नाहीं आणि केवळ बाहेरही पडत नाहीं. ती आपल्या कष्टानें नवें घर मांडते. तिघींची योग्यता एका तागडींत तोलण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु सिंधूच्या घरीं शत्रु स्पष्ट दिसत होता. तो प्याल्यांत होता. राधिकेच्या घरीं शत्रु हंसऱ्या तोंडानें आला, म्हणून त्यास कोणी ओळखिलें नाहीं.

ह्या ठिकाणीं थोडें शास्त्र आणि थोडा कायदा सांगण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी. जुनी संवय जात नाहीं. आश्वलायन गृह्यसूत्रांत सप्तपदीचीं सात पाउलें सांगितलीं आहेत. पहिलें अन्नासाठीं, दुसरें बळासाठीं, तिसरें धनासाठीं, चौथें सुखासाठीं, पांचवें संततीसाठीं, सहावें ऋतूंसाठीं आणि सातवें सख्यासाठीं. धन, सुख, संतति ह्या सर्वांच्या नंतर, अगदीं शेवटीं, सख्य. आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या सातव्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, ज्या विवाहविधींत सप्तपदी आहे, तेथें सातवें पाऊल पडलें म्हणजे विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. कायदा करणाऱ्यांच्या मनांत केवळ विधि असेल. परंतु परिणाम असा झाला आहे कीं, सख्याचें पाऊल पडल्यावांचून विवाह पुरा होत नाहीं, हें सरकारनेंही मान्य केलें आहे. ह्याच कायद्यांत १९७६ सालीं दुरुस्ती होऊन क्रूर वागणूक हें घटस्फोटाचें कारण ठरलें आणि परस्परसंमतीनें विभक्त होण्याची सोयही झाली. क्रौर्य म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें उगारलेला हात येतो. चारचौघांत केलेली नक्कल मात्र आपण क्रौर्यांत धरीत नाहीं; ती आपण रसिकपणांत धरतों.

येथें कोणी विचारील, मग पतिपत्नींनीं एकमेकांची थट्टा करूंच नये काय? अवश्य करावी. अमेरिकेंत १९५१ ते १९५७ पर्यंत ‘आय लव्ह लूसी’ नांवाची अत्यंत लोकप्रिय विनोदी मालिका चालली. तींत नवरा क्यूबा देशचा; त्याच्या इंग्रजी उच्चारांची बायको खुशाल टिंगल करी. परंतु तोही तिच्या उचापतींवर तिला पुरेपूर चिमटे घेई आणि दोघांपैकीं कोणासही दुसऱ्याची लाज वाटत नसे. म्हणून तें हंसूं गोड लागे. हीं कामें करणारीं लूसिल बॉल आणि देसी आर्नाझ हीं खरोखरचीं पतिपत्नी होतीं, आणि १९६० सालीं तीं विभक्त झालीं. त्यांच्या घरांत काय बिनसलें, तें त्यांचें त्यांस ठाऊक. लोकांस दिसणारें हंसूं कितीही खरें वाटलें, तरी त्यावरून घराची परीक्षा करूं नये, एवढाच बोध आपण घ्यावा.

आतां आमच्याच घराकडे वळतों. मालिका सुरू होऊन कांहीं आठवडे झाले होते. गुरुनाथ कोणा पाहुण्यापुढें राधिकेच्या शब्दास हंसला, तेव्हां दुसरींत असलेली आमची नात सहज म्हणाली, “आजोबा, तुम्ही आजीला असेच हंसतां.” माजघरांत एकदम शांतता झाली. मग सुनेनें मुलीस दटाविलें आणि सौ. कांहीं तरी निमित्त काढून स्वयंपाकघरांत गेली. आम्ही वर्तमानपत्र उघडलें. परंतु एक अक्षर वाचलें नाहीं.

गोष्ट खरी होती. सौ. चें माहेर ह्याच किनाऱ्यावरील. तिचें बोलणें कोंकणस्थी, सानुनासिक. ‘मी येत्यें’, ‘मी करत्यें’ असें ती म्हणे. लग्नानंतर आरंभींचीं कित्येक वर्षें आम्ही घाटावर एका शाळेंत शिक्षक होतों. तेथील सहकाऱ्यांस हें नाकांतलें बोलणें मोठें गमतीचें वाटे. आम्हीं स्वतः तें प्रयत्नपूर्वक सोडलें होतें; म्हणून ते हंसूं लागले कीं त्यांच्या आधीं आम्ही हंसत असूं, आणि तिच्या बोलण्याची नक्कल करून दाखवीत असूं. त्यांत आपण कांहीं वाईट करतों, असें एकदांही मनांत आलें नाहीं. मास्तरांनीं चूक दाखवावयाची नाहीं तर कोणीं?

आणि ती चूक तरी होती काय? जुन्या मराठी पुस्तकांत ‘केलें’, ‘गेलें’, ‘घरांत’ ह्यांवर जे अनुस्वार छापलेले असत, ते साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित म्हणून लेखनांतून काढले. जो अनुस्वार कोणी उच्चारीत नाहीं म्हणून गेला, तो आमच्या घरीं रोज उच्चारिला जात होता, आणि व्याकरण शिकविणारे आम्ही त्यास हंसत होतों. हा लेख आम्हीं जुन्या वळणानें, अनुस्वारांसह लिहिला आहे, त्याचें कारण वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

नातीच्या त्या बोलण्यानंतर जवळजवळ चार वर्षें आम्हीं तो विषय काढला नाहीं. मग ३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलें. कौलें उडालीं, विजेचे खांब आडवे झाले आणि वाडींतल्या पोफळी डोळ्यांदेखत काडीसारख्या मोडल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नांवाजलेली; पण पोफळ लावल्यावर फळावर यावयास सहा-सात वर्षें लागतात. पुढें कित्येक दिवस वीज नव्हती. घरांत मालिका नाहीं, बातम्या नाहींत. टाळेबंदीमुळें येणारेंजाणारेंही कोणी नाहीं. अशा एका रात्रीं पडवींत कंदील ठेवून आम्ही दोघेंच बसलों होतों. त्या अंधारांत आम्हांस धीर आला आणि आम्हीं विचारलें, “नात तेव्हां म्हणाली, तें खरें का?”

सौ. थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “तुमच्या त्या मास्तरमंडळींपुढें तुम्हीं माझी नक्कल केलीत ना, त्या दिवसापासून पाहुणे आले कीं मी चहा ठेवत्यें आणि आंत जात्यें. तुम्हांला वाटलें, माझा स्वभावच तसा आहे.” आणि लगेच म्हणाली, “आतां त्याचें काय? कंदिलांत तेल आहे का तेवढें पाहा.”

आम्ही उठून तेल पाहिलें. तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही मित्रांस अभिमानानें सांगत आलों होतों, ‘आमच्या घरांतून फार कमी बोलतात.’ आमचा संसार मोडला नाहीं. मुलें शिकलीं, सुना आल्या, सण झाले. पण सातवें पाऊल आम्हीं कोठें तरी मागें घेतलें होतें आणि आम्हांस तें कळलेंही नव्हतें. गुरुनाथ आणि आम्ही ह्यांत अंतर एवढेंच कीं, त्यास शनाया भेटली.

कांहीं दिवसांनीं नुकसानीचा पंचनामा करावयास सरकारी माणूस आला. किती पोफळी उभ्या, किती पडल्या, कोणत्या फळावरच्या, ह्याचा बिनचूक हिशेब घरांत एका सौ. लाच ठाऊक. आम्हीं तिला ओटीवर बोलाविलें. ती आली आणि उभ्यानेंच सारें सांगूं लागली, आपल्या बोलींत, आपल्या नाकांतून. त्या गृहस्थानें एकदां आमच्याकडे पाहिलें. संवयीनें ओठांवर येणारें हंसूं आम्हीं आंतल्या आंत गिळलें व गप्प राहिलों. लिहावयास हें सोपें आहे; तेव्हां तेवढें सोपें गेलें नाहीं.

पुढें मालिका संपली. हल्लीं पाहुणे आले म्हणजे सौ. कधीं ओटीवर बसते, कधीं अजूनही आंत निघून जाते. तिला ‘बस’ म्हणण्याचा अधिकार आम्हांस किती उरला आहे, हें आम्ही जाणून आहों.

आमच्या वाचकांच्या भरल्या घरांतून हंसणें-खिदळणें पुष्कळ असतें, आणि तें असावें. सर्व मंडळी जमून मोठ्यानें हंसलीं म्हणजे घरांतल्या वडील माणसानें एकच करावें. कोण हंसलें, तें आपोआप ऐकूं येतें. कोण हंसलें नाहीं, तेवढें मान वळवून पाहावें.