महापौर आपला, तिजोरी कुणाची?

‘नगरसेवक नुसते भांडतात, कामं काही होत नाहीत,’ हा वैताग तुमच्या गावातही ऐकू येत असेल. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. उरलेली बाजू आज मी चंदीगडच्या उदाहरणावरून सांगतो.

30 जानेवारी 2024 रोजी तिथे महापौरपदाची निवडणूक झाली. 35 नगरसेवक आणि एक खासदार, अशी 36 मतं. आप आणि काँग्रेस आघाडीकडे 20, भाजपच्या बाजूला 16. निवडणूक अधिकाऱ्याने आघाडीची 8 मतं बाद ठरवली आणि 16 मतांचा उमेदवार जिंकला! हा अधिकारी मतपत्रिकांवर खुणा करताना कॅमेऱ्यात दिसला होता. 20 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ती मतं ग्राह्य धरून कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केलं.

खुर्ची मिळाली. मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. मार्चमध्ये सभागृहाने दरमहा 20 हजार लिटर पाणी आणि पार्किंग मोफत करण्याचा ठराव केला. प्रशासकांनी त्याला विरोध केला आणि ठराव कागदावरच राहिला. त्याच वर्षी पैशाअभावी विकासकामंही अडली.

असं का झालं? चंदीगड केंद्रशासित आहे. पंजाबचे राज्यपालच तिथले प्रशासक असतात. त्यांना लोक निवडून देत नाहीत. महापालिका मालमत्ता कर, पाणीपट्टी, पार्किंग यांतून कमावते, पण मोठा आधार प्रशासनाच्या अनुदानाचा. रोजचा कारभार आयुक्तांच्या हाती. आणि महापौराची मुदत फक्त एक वर्ष! कामाची घडी बसेपर्यंत पुढची निवडणूक येते.

पैसा आटला की कात्री कुठे लागते, तेही पाहा. पगार आणि वीजबिल थांबवता येत नाही. म्हणून थांबतं ते रस्त्याचं डांबरीकरण, पदपथाची दुरुस्ती. म्हणजे नेमकं तेच, जे आपल्याला दारात दिसतं. आपण चिडतो नगरसेवकावर, आणि अनुदान ठरवणारा मात्र आपल्या मतपत्रिकेवर नसतोच.

महाराष्ट्रात महापौराला अडीच वर्षं मिळतात, पण कार्यकारी अधिकार इथेही आयुक्तांकडेच. 2017 मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. तेव्हापासून महापालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून असते. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत तर मुंबईत नगरसेवकच नव्हते. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

म्हणून मी सांगतो, पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की ‘काय फुकट देणार?’ हे विचारू नका. विचारा: महापालिकेचं स्वतःचं उत्पन्न किती, अनुदान किती, पगार वजा जाता कामांना किती उरतं? ही माहिती अर्थसंकल्पात असते. उत्तर देता आलं नाही, तर तो खुर्चीसाठी आलाय, एवढं नक्की समजा.