मुक्काम हर्णै: चार किल्ले, एक लिलाव

जालनेकरांचा घरचा किल्ला म्हणजे मस्तगड. तिथून खारा वारा काही लागत नाही. त्यासाठी गाडी दापोली तालुक्यातल्या हर्णैला न्यावी.

इथे पाण्यात सुवर्णदुर्ग, तर काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड. १७५५ मध्ये इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग जिंकला. सोबत पेशव्यांचंही आरमार होतं, ही आपल्याला बोचणारी गोष्ट! जेम्सच्या पत्नीने १७८४ मध्ये त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या शूटर्स हिलवर मनोरा उभारला, ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सुवर्णदुर्गच तो, इंग्रजी जिभेवर घोळलेला.

संध्याकाळी होड्या लागल्या की ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे वाटे पडतात आणि लिलाव सुरू होतो. चपला हातात घ्याव्यात.