पहिले पुस्तक आणि बदललेले बेत

आपल्या समाजात लिहिणारे हात वाढले आहेत. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या स्टॉलवर होणारी गर्दी पाहिली की ऊर भरून येतो. परंतु त्याच दिवसांचा मुहूर्त गाठायचा म्हणून अनेक नवे लेखक पहिले पुस्तक घाईघाईने छापतात. घरातली शिल्लक मोडलेली असते, कार्यक्रमाची पत्रिका वाटून झालेली असते. मग कुणी जाणकाराने दुरुस्ती सुचविली की लेखकाला तो अपमान वाटतो! अशा सर्व तरुण मित्रांनी आणि भगिनींनी बाबासाहेबांच्या पहिल्या दोन ग्रंथांची जन्मकथा जरूर समजून घ्यावी.

बाबासाहेबांचे शिक्षणाचे बेत एकदा नव्हे, अनेकदा मोडले. १९१६ मध्ये ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठविलेली त्यांची ग्रंथसंपदा पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठविलेला पैसा, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

१९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला. त्यानंतर जर्मनीत बॉन येथे अर्थशास्त्र शिकण्याचा त्यांचा बेत होता. तोही तडीस गेला नाही. परीक्षकांनी प्रबंधावर आक्षेप घेतले आणि तो पुन्हा लिहावयास सांगितले. जवळचा पैसा संपत आला होता. १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईस परतले आणि येथे बसून त्यांनी प्रबंधाची फेरमांडणी केली. मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये प्रबंध मान्य झाला आणि डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या संस्थेने ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ते निष्कर्ष तरी कोणते होते? सरकारला मनाला येईल तितके रुपये पाडता येतील अशी चलनपद्धती नको, कारण चलन वाढले की भाव वाढतात आणि ठराविक पगारावर जगणाऱ्याच्या हातातील रुपयाची किंमत उतरते. आम्हा कारकून मंडळींना आणि महिन्याचा किराणा भरणाऱ्या गृहिणींना हे वेगळे समजावून सांगायला नको. केन्स यांच्यासारख्या नामांकित अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर बाबासाहेबांनी या ग्रंथात हल्ला चढविला. ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे प्रा. एडविन कॅनन यांनाही त्यांचे बरेच मुद्दे पटले नव्हते, आणि तसे त्यांनी प्रस्तावनेतच लिहिले. बाबासाहेबांनी ती प्रस्तावना तशीच छापली. नाहीतर आज आपण प्रस्तावना मागतो ती केवळ स्तुतीसाठी!

दुसरा ग्रंथ प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा. तो १९२५ मध्ये निघाला. त्याला कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. छापील प्रती विद्यापीठात दाखल केल्याशिवाय पीएच.डी. मिळत नसे, त्यामुळे ती पदवी त्यांना १९२७ मध्ये मिळाली. कोलंबिया सोडून तोवर अकरा वर्षे लोटली होती! पहिला ग्रंथ त्यांनी आपल्या मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला, दुसरा सयाजीराव महाराजांना. शिक्षणासाठी ज्यांनी झीज सोसली, त्यांचे ऋण पहिल्याच पानावर मान्य केले.

आणखी एक गोष्ट. १९४७ मध्ये ‘रुपी’ ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. १९२३ नंतरचा इतिहास लिहून तो अद्ययावत करावा अशी त्यांची इच्छा होती, पण राजकीय कामातून सवड नव्हती. म्हणून त्यांनी जुना मजकूर पहिला खंड म्हणून तसाच छापला आणि पुढील भागासाठी दुसरा खंड योजला. तो खंड कधीच निघाला नाही. मात्र वाचकांना त्यासाठी तिष्ठत ठेवले नाही, तयार होते ते त्यांच्या हाती दिले.

तेव्हा मित्रांनो, मुहूर्त हुकला तर हुकू द्या. नाव बदला, प्रकरणे मागेपुढे करा, प्रुफे घरातल्या शिकलेल्या मुलीकडून पुन्हा एकदा तपासून घ्या. परीक्षकाने मांडणीतील उणीव दाखविली तर ती दूर करा. परंतु अभ्यासाने जे खरे ठरले आहे, ते कुणाच्या भीतीने वा मर्जीसाठी गाळू नका. पुस्तक सहा महिने उशिरा आले तरी चालेल, पण आपल्या लेकरांना ते वाचताना अभिमान वाटला पाहिजे.

जयभीम!