बिघाड दिसण्याआधीच विषाणू गाठताना

मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. ही संधी साधतो सायटोमेगॅलोव्हायरस. तो आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडून असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पहारा ढिला पडला की मात्र तो फुप्फुसं, आतडी, डोळ्यांचा पडदा, कशावरही हल्ला करतो.

त्याला ओळखायचं कसं? रक्तात प्रतिपिंडं शोधावीत, तर दुबळी प्रतिकारशक्ती ती वेळेवर बनवेलच असं नाही, आणि जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं तर बहुतेकांच्या रक्तात असतातच. म्हणून पूर्वी रुग्णाचा नमुना प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर टाकत आणि त्या फुगून बिघडेपर्यंत थांबत. हा विषाणू भलताच सावकाश वाढतो. उत्तर यायला कित्येक आठवडे लागत, आणि तेवढा वेळ रुग्णाकडे नसे.

1984 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ग्लीव्ह्ज, स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट बघणंच सोडून दिलं. पेशी बिघडायला आठवडे लागतात खरे, पण विषाणू आत शिरल्यावर काही तासांतच आपली पहिली प्रथिनं बनवू लागतो आणि ती पेशीच्या केंद्रकात जमा होतात. मग तीच का पकडू नयेत? त्यांनी छोट्या बाटलीतल्या पेशींवर नमुना टाकला आणि बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. या फिरवण्यानं संसर्ग अधिक सहज होतो. मग अशाच एका प्रथिनाला नेमकी चिकटणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडं आणि एक चमकणारी खूण वापरली. वरून धडधाकट दिसणाऱ्या पेशींची केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली उजळून निघाली! आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांवर आलं. अशी प्रतिपिंडं बनवण्याची युक्ती शोधणाऱ्या कोहलर आणि मिलस्टाइन यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं.

पुढे पीसीआर या डीएनए शोधणाऱ्या चाचणीनं पेशी वाढवण्याचीही गरज उरू दिली नाही. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या डीएनएच्या किती प्रती आहेत, हे आता काही तासांत कळतं. प्रत्यारोपणानंतर ठरावीक दिवसांनी हा आकडा तपासतात आणि तो चढू लागला की लक्षणं दिसण्याआधीच गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू करतात. पण हे औषध रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतं, म्हणजे आधीच अशक्त असलेलं संरक्षण आणखी खिळखिळं करतं. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘विषाणू आहे’ एवढं सांगून भागत नाही. तो किती आहे आणि किती वेगानं वाढतोय, हेही सांगावं लागतं.