सरकारी माणसाचा फोन: महाग की भरवशाचा?

‘साहेब, लाखाच्या पुढचा घ्या, सिक्युरिटी टॉप आहे,’ असं दुकानदार सांगतो. संरक्षण खात्यातल्या किंवा मंत्रालयातल्या गिऱ्हाइकाला तर हमखास. पण आधी विचारायचं ते हे, की अपडेट किती वर्षं मिळणार? गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. हातातल्या फोनची सेटिंग्ज उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल, तर फोन कितीही महागाचा असो, त्यावर कार्यालयाचा मेल उघडू नये.

गैरसमज: बाजारात मिळणारा खास ‘एन्क्रिप्टेड’ फोन कुणालाच फोडता येत नाही.

वस्तुस्थिती: ‘अॅनम’ हा असाच फोन होता. साधे कॉल बंद, जीपीएस नाही, मेसेजचं अॅप कॅल्क्युलेटरच्या आड दडवलेलं. जगभरच्या गुन्हेगारी टोळ्यांनी असे सुमारे 12,000 फोन विश्वासाने वापरले. ते अॅप मुळात चालवत होती अमेरिकेची एफबीआय आणि प्रत्येक मेसेजची प्रत तिच्याकडे जात होती! जून 2021 मध्ये 800 हून अधिक जण पकडले गेले. टोळ्या पकडल्या गेल्या हे उत्तमच. पण फोन कोण पुरवतं आणि सर्व्हर कुणाच्या ताब्यात आहे, हे न विचारण्याची किंमतही कळली. म्हणून असा फोन खात्याकडूनच यावा. भारतीय लष्कराचा ‘संभव’ हा फोन तसाच, लष्कराकडूनच मिळणारा आहे.

गैरसमज: चिनी फोन टाळला की झालं.

वस्तुस्थिती: स्ट्राव्हा हे धावण्याची नोंद ठेवणारं अमेरिकन अॅप. सैनिक तळाभोवती धावले, अॅपने सगळ्यांच्या वाटांचा नकाशा जाहीर केला आणि जानेवारी 2018 मध्ये अफगाणिस्तान, सीरियातले तळ त्यावर उजळलेले दिसले. भारतीय लष्कराने 2020 मध्ये जवानांना 89 अॅप काढायला लावली, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं.

गैरसमज: अनोळखी लिंक दाबली नाही, तर धोका नाही.

वस्तुस्थिती: पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर काहीही न दाबता फोनमध्ये शिरल्याचं सिद्ध झालं आहे. म्हणून आयफोनमध्ये 2022 पासून लॉकडाउन मोड आहे. तो चालू केला, की लिंकचे प्रिव्ह्यू दिसत नाहीत, काही साइट्स धड उघडत नाहीत, कटकट होते. पण ज्याच्या फोनवर परकी हेरखाती टपून असू शकतात, त्याने ती सोसावी.

आणि पुण्यात 2023 मध्ये डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसने अटक केली, तेव्हा आरोप फोन फोडल्याचा नव्हताच. तो होता पाकिस्तानी हस्तकाशी व्हॉट्सअॅपवर गप्पा मारता मारता गोपनीय माहिती दिल्याचा.