जुनी दुनळी घेताना आधी नळीचं तोंड पाहा

जुनी इंग्लिश दुनळी विकायला निघाली की तिच्यामागे चार माणसं लागतात. याला कारण आहे. 1980च्या दशकात परदेशी बंदूक मागवण्याची वाट सामान्य परवानाधारकाला बंद झाली. त्यामुळे वेब्ली अँड स्कॉटची, ग्रीनरची किंवा कलकत्त्याच्या मँटन आणि रोड्डा या दुकानांची नावं कोरलेली बारा बोअर आता नव्याने येत नाही. आहे तीच या घरातून त्या घरात जाते. साक्री, पिंपळनेर, निजामपूर या भागात अशी एखादी बंदूक कोणाच्या आजोबांची म्हणून पुढे आली, तर पाहणाऱ्याचं लक्ष पहिल्यांदा कुंद्याच्या अक्रोडी लाकडावर आणि कोरीव कामावर जातं. खरं म्हणजे ते नळीच्या तोंडावर जायला हवं.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही बंदूक तितर-लाव्यांसाठी बनली होती, पण तितर-लाव्यांसाठी ती आज घेता येत नाही. मुंबई राज्याच्या 1951च्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्याच्या काळात शिकारीचा परवाना मिळत असे. 1972चा केंद्रीय कायदा आला तेव्हाही छोट्या शिकारीची तरतूद त्यात शिल्लक होती. 1991च्या दुरुस्तीने ती दारं बंद केली. तेव्हापासून माळावरचा तितर, लावा किंवा पखुर्डी मारणं हा गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना खिशात असला तरीही. विकणारा ‘शिकारीला एक नंबर’ म्हणाला तर तो 1991पूर्वीची गोष्ट सांगतो आहे, एवढं लक्षात ठेवावं.

मग अशी बंदूक घ्यायची कशासाठी? पिकाच्या राखणीसाठी, स्वसंरक्षणासाठी, मातीच्या तबकड्यांवरच्या नेमबाजीसाठी. किंवा केवळ ती सुंदर आहे म्हणून, आणि हे कारण मला मुळीच कमी वाटत नाही. अँसन आणि डीली या दोघांनी 1875मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यात जी बिनघोड्याची रचना शोधली, तिच्यावर आजही जगभर दुनळ्या बनतात. दीडशे वर्षं टिकलेली ही कारागिरी आहे. म्हणूनच तिच्यावर करवत चाललेली पाहिली की जीव हळहळतो.

करवत चालण्यामागे बहुतेक वेळा एकच घटना असते. ओल्या रानातून जाताना नळीच्या तोंडात चिखल किंवा काडीकचरा जातो, कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तसाच बार काढला जातो. तोंडाशी नळी फुगते किंवा फाटते. मग कोणीतरी तेवढा तुकडा कापून टाकतो, टोकाला नवी माशी बसवतो आणि बंदूक पुन्हा खुंटीला जाते. कधी जीपमध्ये किंवा उसात वागवायला सोपी पडावी म्हणूनही कापतात.

कापलेल्या तुकड्यासोबत काय गेलं, ते समजून घ्यायला हवं. जुन्या दुनळीची नळी शेवटच्या काही इंचांत किंचित आवळलेली असते. यालाच चोक म्हणतात. पूर्ण चोकमध्ये हे आवळणं साधारण एक मिलिमीटरचं. पण तेवढ्यामुळे 40 यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, 30 इंचांच्या वर्तुळात 70 टक्के छर्रे बसतात. चोक नसलेल्या सरळ नळीचे 40 टक्केच बसतात. 28 किंवा 30 इंचांची नळी चार इंच कापली की चोक संपला. बंदूक उडते, आवाज तोच येतो, पण छर्रा विखरतो. शिकारीच्या काळात अशा बंदुकीने तितर जागीच पडत नसे, जखमी होऊन काटेरी झुडपात मरत असे.

कापलेली नळी ओळखणं अवघड नाही. दोन नळ्या बुडाशी एकमेकींपासून दूर आणि तोंडाशी जवळ येतील अशा जोडलेल्या असतात. मूळ तोंडावर त्या जवळजवळ चिकटलेल्या दिसतात. तिथे दोघींच्या मधे फट असेल आणि ती शिशाने किंवा झाळकामाने बुजवलेली असेल, तर नळी कापलेली आहे असं धरून चालावं. मग टेपने लांबी मोजावी आणि परवान्यावरच्या नोंदीशी ताडावी.

तोंडापेक्षा बुडाशी केलेला बदल अधिक घातक, कारण तो दिसत नाही. जुन्या इंग्लिश बारा बोअरचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंचांचं, म्हणजे 65 मिलिमीटरचं असतं. आज मिळणारी पुष्कळ काडतुसं 70 मिलिमीटरची. आणि इथेच फसगत होते: काडतुसाचं तोंड दुमडलेलं असल्यामुळे 70चं काडतूस 65च्या घरात बिनदिक्कत बसतं. 70 हा आकडा बार झाल्यानंतरच्या, उघडलेल्या काडतुसाचा आहे. बार होताना दुमड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. यावर उपाय म्हणून काहींनी घर आतून कोरून लांब करून घेतलं. तसं केल्यावर नेमकी तिथली भिंत पातळ होते, जिथे दाब मोठा असतो. आणि मूळ कारखान्याने ज्या मापावर बंदूक तपासून घेतली होती, ती तपासणी निरर्थक ठरते.

तपासणीचे ते शिक्के नळ्या उतरवल्यावर बुडाच्या सपाट भागावर दिसतात. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला 1637मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं तपासणीगृह 1813चं. 1904नंतरच्या अनेक बर्मिंगहॅम नळ्यांवर ‘नायट्रो प्रूफ’ असे शब्द ठोकलेले असतात, म्हणजे ती नळी बिनधुराच्या दारूवर तपासलेली आहे. नागमोडी नक्षीच्या दमास्कस नळ्या लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून बनवत. त्यातल्या बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातल्या. अशा नळीवर नायट्रोचा शिक्का नसेल तर आजचं काडतूस तिच्यात घालूच नये. माझं ठाम मत: शिक्का वाचता येत नाही, किंवा नळीच्या भिंतीची जाडी मोजलेली नाही, अशा बंदुकीसाठी एक रुपयाही बयाणा देऊ नये. जाडी मोजण्याचं उपकरण जाणत्या गनस्मिथकडे असतं. नळ्या टांगून टिचकी मारून पाहण्याची जुनी रीतही चांगली आहे. स्वच्छ नाद आला तर मधली पट्टी घट्ट, बद्द आवाज आला तर ती सुटलेली. पण त्या नादावरून भिंत किती पातळ आहे, हे कळत नाही.

आता कायदा. शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 6नुसार परवानगीशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. कलम 13 संरक्षणासाठी किंवा खेळासाठी जिचा परवाना देतं, त्या साध्या नळीची लांबी 20 इंचांपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे कापलेली दुनळी घेणारा दुसऱ्याचा गुन्हा घरात आणू शकतो. व्यवहारालाही रीत आहे. विकणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडे परवाना हवाच. आणि 2019पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात.

खानदेशात पक्ष्यांच्या बंदुकीचा एक वेगळा इतिहासही आहे. 1880च्या दशकात जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी इथे पक्षी टिपून त्यांची कातडी जपून ठेवत होता. त्याने शहाद्याच्या रानात मिळवलेले रानपिंगळे इंग्लंडच्या संग्रहालयात गेले. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने त्यातला एक चोरून, नव्याने भरून, गुजरातेतल्या मांडवीचं नाव आणि 1914 साल लावून आपला म्हणून दाखवला. पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली. त्या खोट्या नोंदीवर विसंबायचं नाही असं ठरवून त्या आणि त्यांचे सहकारी डेव्हिडसनच्या खऱ्या जागी आले, आणि नोव्हेंबर 1997मध्ये शहाद्याजवळ शंभराहून अधिक वर्षांनी रानपिंगळा जिवंत दिसला. जुन्या वस्तूवर बदल करून तिची खूण पुसली की किती नुकसान होतं, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

राहिला प्रश्न घरात आधीपासून असलेल्या बंदुकीचा. आजोबा गेले, परवाना त्यांच्याच नावावर, आणि दुनळी माळ्यावर कापडात गुंडाळलेली, असं असेल तर ती आजच्या घडीला विनापरवाना आहे. तिला जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. शस्त्र नियम 2016च्या नियम 25नुसार वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. आजोबा हयात असतील आणि त्यांचं वय 70 झालं असेल किंवा बंदूक 25 वर्षं त्यांच्याकडे असेल, तर वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज त्यांच्या हयातीतच करता येतो. अर्जाआधी नळीची लांबी, क्रमांक आणि शिक्के यांचे फोटो काढून ठेवावेत. नळी कापलेली निघाली तर ते लपवू नये. वकिलाला सोबत घेऊन, कोणी आणि केव्हा कापली याची जेवढी माहिती घरात आहे तेवढी लेखी द्यावी.