गोव्याचे संत जोसेफ वाझ: श्रीलंकेत लपून राहिलेला धर्मगुरू

कॅथलिक संत म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर युरोपातला माणूस येतो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव मराठी वाचकांना थोडेफार ठाऊक असते, पण ते ब्रदर होते, दीक्षित धर्मगुरू नव्हते. जोसेफ वाझ हे कोकणी घरातले धर्मगुरू. पोर्तुगीज राजवटीत जन्मले, डच राजवटीत लपून राहिले आणि एका बौद्ध राजाच्या आसऱ्याने त्यांनी आपले काम उभे केले.

बाणावली आणि सांकवाळ

२१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतल्या बाणावली गावात, आजोळी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. पोर्तुगीज आणि लॅटिन शिकून ते जुन्या गोव्यात जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि पुढे डोमिनिकनांकडे शिकले. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दुसऱ्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी एक दस्तऐवज लिहून स्वतःला मरियेचा कायमचा गुलाम म्हणून वाहून घेतले. गोव्यात त्या काळी गुलामांची खरेदीविक्री उघड चालत असे, हे लक्षात घेतले की या कागदाचे वजन कळते. बाजारात ज्याची खरेदीविक्री होते, अशा माणसाच्या जागी त्यांनी स्वतःला ठेवले होते.

कानड्यातली तीन वर्षे

श्रीलंकेतल्या ख्रिस्ती लोकांचे हाल त्यांच्या कानावर आले होते आणि तिकडे जायची त्यांची इच्छाही होती. पण १६८१ मध्ये त्यांना पाठवले गेले कानडा किनाऱ्यावर, मंगळूर-बसरूर-कुंदापूरकडे. तिथे एक किचकट भांडण त्यांची वाट पाहत होते. पूर्वेकडच्या चर्चवर हक्क कोणाचा, पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा? गोव्याच्या चर्चने वाझ यांना नेमले होते, तर रोमने तोमास द कास्त्रो यांना. हे कास्त्रोही गोमंतकीयच. सामान्य माणसाने कोणाकडे जाऊन पापनिवेदन करायचे, असा पेच पडला. वाझ यांनी आपल्या वरिष्ठांची आज्ञा सोडली नाही, पण या वादात लोकांचे संस्कार अडकू नयेत म्हणून ते झटत राहिले. या तीन वर्षांविषयी चरित्रांत फार उत्साहाने लिहिले जात नाही. मला मात्र माणूस इथेच जास्त ओळखू येतो.

गोव्यातली ओरेटरी

१६८४ मध्ये ते गोव्यात परतले. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी आणि बारदेशात शिरल्या होत्या आणि पोर्तुगीज सत्ता हादरली होती. जून १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलायला लागावे.

युरोपीय संन्यासी संघांची दारे तेव्हा स्थानिक धर्मगुरूंना बंद होती. काही गोमंतकीय धर्मगुरूंनी १६८२ पासून एकत्र राहायला सुरुवात केली होती. वाझ १६८५ मध्ये त्यांना सामील झाले, प्रमुख झाले आणि संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरी या धर्मगुरूसंघाचे नियम त्यांनी या समूहाला लावले. जुन्या गोव्यात चमत्कारी क्रुसाच्या चर्चजवळ राहणारा हा भारतीय धर्मगुरूंनी स्वतः चालवलेला संघ होता. मात्र एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोऱ्यांनी नाकारलेल्या या लोकांनी आपल्या संघात जागा ठेवली ती ख्रिस्ती ब्राह्मणांनाच. चारडो जातीच्या धर्मगुरूंना आपली वेगळी व्यवस्था करावी लागली.

श्रीलंकेत बंदी कशासाठी

१६५८ मध्ये डचांनी जाफना घेतले आणि पोर्तुगीजांचा श्रीलंकेतला शेवटचा पाय उखडला. डच कॅल्व्हिन पंथाचे. कॅथलिक धर्मगुरू म्हणजे पोर्तुगीजांचा हेर, असा त्यांचा हिशेब होता. धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले, चर्चच्या इमारती डचांनी आपल्या पंथासाठी घेतल्या, सरकारी नोकरी हवी तर त्यांच्या चर्चमध्ये नाव हवे. जवळजवळ तीस वर्षे तिथल्या कॅथलिकांनी घरातच गुपचूप प्रार्थना चालवली.

युरोपीय पाद्री तिथे उतरला असता तर बंदरावरच धरला गेला असता. वाझ यांचा सावळा रंग, ज्याच्यामुळे युरोपीय संघांनी त्यांना आत घेतले नसते, तोच इथे परवाना ठरला.

गळ्यात जपमाळ

१६८६ मध्ये ओरेटरीचे प्रमुखपद सोडून ते निघाले. बरोबर जुवांव नावाचा एक सेवक. वाटेत त्यांनी तमिळ शिकायला घेतली आणि १६८७ मध्ये तुतीकोरिनहून मजुराच्या वेशात जाफन्याला पोहोचले. पोहोचताच दोघांना अतिसाराने गाठले आणि ते मरता मरता वाचले.

पण कॅथलिक शोधायचे कसे? विचारायची सोय नव्हती. वाझ यांनी जपमाळ गळ्यात उघडी घातली आणि ते भीक मागत दारोदार फिरू लागले. ती माळ पाहून कोणाची नजर बदलते, कोण थबकते, हे ते न्याहाळत. एका घराने ओळख दिली, त्याने दुसरे घर दाखवले. पुढे सिल्लालै हे कॅथलिक गाव त्यांचा तळ झाले. रात्री मिस्सा, पहाटेपूर्वी दुसरीकडे मुक्काम, असा क्रम सुरू झाला.

१६८९ च्या नाताळच्या रात्री डच सैनिकांनी जमलेल्या लोकांवर छापा घातला. वाझ निसटले. पकडलेल्यांतल्या प्रमुखांना फटके मारण्यात आले. धर्मगुरूच्या धाडसाची किंमत अनेकदा त्याला घरात घेणारे चुकवतात. संतचरित्रात अशा लोकांना एखादे वाक्य मिळते.

कँडीचा कैदी

१६९० मध्ये ते डच हद्दीबाहेर, कँडीच्या राजाच्या मुलखातल्या पुत्तलमला गेले आणि १६९२ मध्ये राजधानीकडे निघाले. तिथे लानेरोल नावाच्या फ्रेंच प्रॉटेस्टंटाने ते पोर्तुगीज हेर असल्याची चुगली केली आणि वाझ कैदेत पडले. त्यांनी तिथेच वेदी मांडली आणि सिंहली शिकायला घेतली. राजा दुसरा विमलधर्मसूर्य बौद्ध होता. हा माणूस निरुपद्रवी आहे हे त्याला उमगत गेले आणि बंधने सैल झाली. मोठ्या दुष्काळात वाझ यांनी चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, अशी कथा आहे. श्रद्धावान तिला चमत्कार म्हणतात.

मला १६९७ मधली देवीची साथ अधिक महत्त्वाची वाटते. राजा आणि बहुतेक लोक शहर सोडून गेले, घरच्यांनी रोगी टाकून दिले. वाझ आणि गोव्याहून मदतीला आलेले त्यांचे भाचे फादर जुझे कार्व्हाल्यो मागे राहिले. रोग्यांना खाऊ घालणे, धुणेपुसणे आणि मेलेल्यांना पुरणे हे काम त्या दोघांनी जातपात किंवा धर्म न विचारता केले. पुढे राजाने त्यांना मोकळीक दिली, ती या कामानंतर.

मागे ठेवलेली माणसे

धर्मगुरू सतत फिरतीवर असल्याने प्रार्थना आणि धर्मशिक्षणाची जबाबदारी वाझ यांनी गावोगावच्या प्रापंचिक कॅथलिकांवर सोपवली. प्रार्थना तमिळ आणि सिंहलीत उतरवल्या. गोव्यात स्थानिक भाषा मोडण्याचे फर्मान निघाले होते त्याच सुमारास हा गोमंतकीय दुसऱ्यांच्या दोन भाषा शिकून त्यांत उपासना उभी करत होता. १७०५ मध्ये आलेल्या दिवाडीच्या फादर जाकोम गोन्साल्विस यांनी हे काम खूप पुढे नेले. सिंहली ख्रिस्ती साहित्याचा पाया त्यांनी घातला, असे मानले जाते.

पोपच्या दूताने वाझ यांना श्रीलंकेच्या चर्चचे प्रमुखपद देऊ केले, तेव्हा त्यांनी नकार दिला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नव्हते.

संतपदाला तीनशे वर्षे

दोनच वर्षांनी, १७१३ मध्ये, कोचीनच्या बिशपने संतपदाची चौकशी सुरू केली, पण ती रेंगाळत गेली. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संन्यासी संघ बंद केले आणि ओरेटरीही संपली. पाठपुरावा करणारे घरच उरले नाही. अखेर १९३८ मध्ये गोव्यात एका अवघड बाळंतपणात वाझ यांचा धावा केल्याने बाळ-बाळंतीण वाचल्याची घटना चमत्कार म्हणून मान्य झाली आणि २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले. संतपदासाठी एरवी आणखी एक चमत्कार लागतो. पोप फ्रान्सिस यांनी ती अट माफ केली आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्याच गॉल फेस मैदानावर त्यांना संत म्हणून जाहीर केले. श्रीलंकेचे ते पहिले संत. त्यांचा सण १६ जानेवारीला असतो, आणि तो सांकवाळलाही पाळला जातो.